बालगंधर्व ऐकायला कोणता हेडफोन?

आमच्या ई अँड टीसीच्या वर्गात हेडफोनवरून जेवढे वाद होतात तेवढे क्रिकेटवरूनही होत नाहीत. एकाला बेस पाहिजे, दुसऱ्याला डिटेल पाहिजे, तिसऱ्याला फक्त डोक्यावर काहीतरी मोठं लावलेलं दिसलं पाहिजे! आणि टेस्ट कशी करतात? एखादं धडधडणारं गाणं लावायचं, दोन मिनिटं मान हलवायची, की झाला निकाल.

माझं म्हणणं जरा वेगळं आहे. फुल साइज हेडफोन, म्हणजे कानावर न टेकता कानाभोवती बसणारा हेडफोन, तपशील नीट दाखवतो का आणि आवाजाचा समतोल ठेवतो का, हे खरंच बघायचं असेल तर 1967 साली गेलेल्या एका माणसाचं गाणं लावा. नारायण श्रीपाद राजहंस त्यांचं नाव. उभा महाराष्ट्र त्यांना बालगंधर्व म्हणून ओळखतो. आणि आपण खानदेशवाल्यांनी कॉलर ताठ करावी अशी गोष्ट म्हणजे त्यांना लहानपणी गाण्याची तालीम मिळाली ती आपल्या जळगावात.

आता कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मुलगी एकदम नाट्यसंगीतावर कशी आली, असं काही जणांना वाटेल. तर त्याचं कारण शाळेचा कॉयर. मी त्यात आल्टो गायचे. ज्यांनी कॉयर ऐकलाय त्यांना माहीत असेल, वरचा सोप्रानो सगळ्यांना ऐकू येतो, मधली आल्टो मात्र कुणाच्या लक्षातच येत नाही. ती नसली की गाणं पोकळ लागतं, पण असताना तिला कुणी विचारत नाही. त्यामुळे कुठलंही गाणं लागलं की मधल्या आवाजांचं काय चाललंय तिकडे माझा कान आपोआप जातो. बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या ऐकताना हीच सवय कामाला आली. ते कसं, हे पुढे सांगते. आधी माणूस समजून घेऊ.

नारायणाचा जन्म 26 जून 1888 चा. वडील श्रीपादराव, आई अन्नपूर्णाबाई. राजहंसांचं मूळ गाव सांगली भागातलं नागठाणे. घराला गाण्याची आवड होती आणि मुलाचा गळा उपजतच गोड होता. दहाएक वर्षांचा असताना पुण्यात लोकमान्य टिळकांनी त्याचं गाणं ऐकलं आणि कौतुकाने त्याला बालगंधर्व म्हटलं. तो शब्द त्याला जो चिकटला तो कायमचा. पुढे संसार झाला, केस पांढरे झाले, तरी नावातलं बाल काही सुटलं नाही.

मग हा मुलगा जळगावला नातेवाइकांकडे राहायला आला. त्या वेळचं जळगाव डोळ्यासमोर आणून बघा. ते जिल्ह्याचं ठिकाण नव्हतं. खानदेश हा एकच भलामोठा जिल्हा होता आणि त्याची मुख्य कचेरी धुळ्याला. पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश अशी वाटणी 1906 मध्ये झाली, तेव्हा कुठे जळगावला मान मिळाला. पण जळगावात रेल्वे होती, कापसाचा व्यापार होता. जिथे व्यापाऱ्यांच्या हातात पैसा खेळतो तिथे गाणंबजावणंही येतं. इथे मेहबूबखाँ नावाचे गवई होते. त्यांच्याकडे नारायणाला तालीम मिळाली. आज शहरात बालगंधर्वांच्या नावाचं खुलं नाट्यगृह आहे, त्यांच्या नावाने संगीत महोत्सवही भरतो. पण आमच्यातल्या किती जणांना या नावाचं आणि जळगावचं नातं ठाऊक असतं, हा प्रश्नच आहे.

यानंतरची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ज्याच्या सुरावर पुढे महाराष्ट्र वेडा होणार होता, त्या मुलाला कानाचा त्रास होता! त्याला नीट ऐकायला येत नव्हतं.

इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचं तर गाणं म्हणजे क्लोज्ड लूप सिस्टिम. गळा आवाज काढतो, कान तो मोजतो, मेंदू चूक पकडतो आणि पुढच्या क्षणाला गळा दुरुस्त होतो. कंट्रोल सिस्टिमच्या पेपरला आपण जो फीडबॅक काढतो तोच हा. सेन्सर बिघडला की कितीही चांगला अ‍ॅम्प्लिफायर असो, आउटपुट भरकटणारच. नारायणाचा सेन्सरच बिघडत चालला होता.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या कानावर हे गाणं गेलं. महाराज कलावंतांचे मोठे आश्रयदाते. दुसरा कुणी असता तर वाहवा करून, शालजोडी देऊन मोकळा झाला असता. महाराजांनी मुलाच्या कानावर इलाज व्हावा म्हणून त्याला मिरजेला पाठवलं. तिथे डॉ. वानलेस यांनी उभं केलेलं मिशन हॉस्पिटल होतं. त्याच सुमारास मिरजेत किर्लोस्कर नाटक मंडळीचाही मुक्काम होता. ही त्या काळातली सगळ्यात नावाजलेली संगीत नाटक कंपनी. पण 1901 मध्ये भाऊराव कोल्हटकर गेले होते आणि त्यांच्या तोडीचा गाता नट कंपनीला मिळत नव्हता. इकडे कान बरा झाला, तिकडे कंपनीला नायिका हवी होती. 1905 मध्ये नारायण किर्लोस्कर मंडळीत दाखल झाला आणि शाकुंतल नाटकातली शकुंतला म्हणून रंगमंचावर उभा राहिला. तेव्हा स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करत, हे सांगायला नकोच.

गोविंद बल्लाळ देवल यांच्यासारखा तालीममास्तर मिळाला आणि अभिनयाला वळण लागलं. सौभद्रातली सुभद्रा, मृच्छकटिकातली वसंतसेना, शारदा... एकेक भूमिका गाजू लागली. पुढे गाण्याला गुरू मिळाले भास्करबुवा बखले. ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर अशा घराण्यांची गायकी पचवलेला हा मोठा गवई. मैफलीतली विद्या नाटकाच्या पदात कशी उतरवायची, तेही तिचं ओझं प्रेक्षकाला न जाणवू देता, हे बालगंधर्व त्यांच्याकडे शिकले.

त्या थिएटरांची कल्पना करा. माइक नाही, स्पीकर नाही, अ‍ॅम्प्लिफायर नाही. रंगमंचावर गॅसबत्त्यांचा उजेड. रात्री नाटक सुरू व्हायचं आणि वन्समोअर घेत घेत पहाटेपर्यंत चालायचं. शेवटच्या रांगेतल्या पिटातल्या माणसालाही शब्द न शब्द कळला पाहिजे. आणि हे सगळं ओरडून नाही, कारण समोर शकुंतला आहे, सुभद्रा आहे! नाजूक राहायचं आणि तरी पोचायचं. बालगंधर्वांनी हे साधलं. त्यांच्या गाण्यात तानांचा पाऊस नसतो. छोट्या हरकती, स्वच्छ शब्द, आणि सूर असा नेमका लागलेला की त्याला वेगळा जोर लावावा लागत नाही.

12 मार्च 1911. मुंबईत कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या मानापमान नाटकाचा पहिला प्रयोग. संगीत गोविंदराव टेंबे यांचं. भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व. त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी वारली. थिएटर भरलेलं. प्रयोग रद्द करायला कुणी नाही म्हटलं नसतं. पण कंपनीचा पैसा अडकला होता, लोक लांबून आले होते. बालगंधर्व रंगले, नेसले, उभे राहिले आणि गायले. नाटक तुफान चाललं. मी हा प्रसंग जेव्हा जेव्हा वाचते तेव्हा मला त्याचं कौतुक करावं की त्याची भीती वाटावी हे कळत नाही. कर्तव्यनिष्ठा वगैरे शब्द आपण पटकन वापरतो. त्या संध्याकाळी आरशासमोर बसून चेहऱ्याला रंग लावणाऱ्या बापाचं काय झालं असेल, त्यासाठी माझ्याकडे तरी शब्द नाही.

त्याच वर्षी कंपनीचे प्रमुख नट नानासाहेब जोगळेकर गेले आणि किर्लोस्कर मंडळीत कुरबुरी वाढल्या. 1913 मध्ये बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांनी मिळून गंधर्व नाटक मंडळी काढली. पुढची काही वर्षं म्हणजे या कंपनीचा सुवर्णकाळ. 1916 मध्ये खाडिलकरांचं स्वयंवर आलं. पदांना चाली भास्करबुवांच्या. रुक्मिणी झालेले बालगंधर्व गायला लागले की लोक श्वास रोखून बसत म्हणतात. 1919 मध्ये राम गणेश गडकऱ्यांचं एकच प्याला. गडकरी बिचारे प्रयोग बघायला राहिले नाहीत, जानेवारीतच गेले. आतापर्यंत भरजरी शालूत वावरणारे बालगंधर्व या नाटकात दारुड्याची बायको सिंधू झाले, तेही फाटकं लुगडं नेसून. आणि लोक रडले.

बायका त्यांच्यासारखं लुगडं नेसायला शिकल्या, त्यांच्यासारखा अंबाडा घालायला शिकल्या. एका पुरुषाने बायकांची फॅशन ठरवावी, हे आजही जरा नवलाचंच!

8 जुलै 1921 ला मुंबईत संयुक्त मानापमान झालं. टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि ललितकलादर्शचे केशवराव भोसले एकाच रंगमंचावर आले. दोघेही प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक. एक भामिनी, एक धैर्यधर. त्या प्रयोगाची गोष्ट मराठी माणूस अजून सांगतो. दुर्दैव असं की त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव टायफॉइडने गेले.

आता नाण्याची दुसरी बाजू. बालगंधर्वांना हिशेब कधी जमला नाही. रंगमंचावर खोटं काही चालायचं नाही त्यांना. शालू खरे, अत्तर खरं, गालिचे खरे. साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष. ही दोन्ही माणसं देशातल्या पहिल्या रांगेतली, आणि एका नाटक कंपनीत नोकरीला! 1920 मध्ये द्रौपदी नाटकासाठी मयसभेचा असा थाट उभा केला की खर्चाला ताळमेळच राहिला नाही. कंपनीवर लाखाच्या वर कर्ज झालं. त्या काळचे लाख, हे लक्षात घ्या. दिवाळं काढून हात वर करणं सोपं होतं. ते त्यांनी केलं नाही. वर्षानुवर्षं प्रयोग करून, गावोगाव दौरे काढून ते कर्ज फेडलं. मला वाटतं या माणसाच्या स्वभावात एकच गोष्ट दोन तोंडांनी राहत होती. अर्धवट, कमअस्सल असं काही प्रेक्षकाला द्यायचं नाही, या हट्टामुळे ते बुडाले. आणि घेतलेलं बुडवायचं नाही, या हट्टामुळे ते पुन्हा वर आले.

इथे थोडं थांबून तबकड्यांकडे येऊ, कारण आपल्याकडे आज उरलंय ते तेवढंच. रंगमंचावर तासन् तास रंगणारं गाणं शेलॅकच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांत बसवावं लागे. तबकडी मिनिटाला 78 फेऱ्या घेई. 1925 च्या आधी रेकॉर्डिंगला वीज नव्हती. गायकाने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचं, त्या हवेच्या दाबाने पडदा हलायचा आणि पडद्याला जोडलेली सुई मेणात रेघ कोरायची. एवढंच. या पद्धतीत साधारण 200 ते 2500 हर्ट्झ एवढाच पट्टा पकडला जायचा. आपण टेलिफोनचा बँड 300 ते 3400 शिकतो, त्याच्याशी ताडून बघा. म्हणजे मोठमोठे गवई आपल्यापर्यंत जवळपास लँडलाइनवरून पोचले आहेत! 1925 नंतर मायक्रोफोन आला, व्हॅक्यूम ट्यूब आल्या, आणि पट्टा साधारण 100 ते 5000 हर्ट्झपर्यंत रुंद झाला. बालगंधर्वांचं गाणं या दोन्ही काळांत तबकडीवर उतरलं.

आता हेडफोनचा मुद्दा. बाजारातले बरेच हेडफोन ज्याला व्ही शेप म्हणतात तसे ट्यून केलेले असतात. खालचा बेस वर उचललेला, वरचा ट्रेबल वर उचललेला, मधला भाग दाबलेला. पहिल्या दोन मिनिटांत हे भारी वाटतं. ढोल दणदणतो, झांज चमकते. पण बालगंधर्वांच्या तबकडीत 100 हर्ट्झच्या खाली काय आहे? यंत्राची घरघर. 5000 च्या वर काय आहे? सुईची खरखर. गाणं सगळंच्या सगळं मधे आहे. म्हणजे व्ही शेपचा हेडफोन घरघर वाढवतो, खरखर वाढवतो आणि नेमके बालगंधर्व कमी करतो! मग आपण म्हणतो, जुनी रेकॉर्ड आहे, असंच ऐकू येणार. दोष रेकॉर्डला, वास्तविक गुन्हेगार आपल्या कानावर बसलेला असतो.

ट्रेबल वाढवला की डिटेल वाढतं, असंही पुष्कळांना वाटतं. तेही खरं नाही. या तबकड्यांमध्ये डिटेल म्हणजे काय? गळ्यामागून सावलीसारखी जाणारी सारंगी. सारंगी आणि माणसाचा आवाज एकाच पट्ट्यात राहतात, म्हणून तर ती साथीला इतकी शोभते. चांगल्या हेडफोनवर दोन्ही वेगळे ऐकू येतात. सूर धरलेला असताना सारंगीचा गज फिरतो तो कळतो, ऑर्गनचा भाता खाली भरलेला जाणवतो, तबल्याची बोटं मोजता येतात. कच्च्या हेडफोनवर हे सगळं मिळून एक खिचडी होते.

मग समतोल म्हणजे ग्राफवर सरळ आडवी रेघ का? इथे एक गंमत आहे. आपल्या कानाची नळी साधारण 2.5 सेंटिमीटर लांब, एका टोकाला पडद्याने बंद. क्वार्टर वेव्ह रेझोनन्स काढा. 340 भागिले 4 गुणिले 0.025, उत्तर येतं 3400 हर्ट्झ. म्हणजे 3000 हर्ट्झच्या आसपासचा आवाज कान स्वतःच वाढवतो, आणि जन्मापासून आपल्याला तसंच ऐकायची सवय आहे. म्हणून हेडफोन कानाच्या पडद्यापाशी मोजला तर तिथे उंचवटा दिसायलाच हवा. रेघ सपाट आली तर गाणं उलट मंद आणि गुदमरलेलं लागेल. शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी 2012-13 पासून हार्मन कंपनीत श्रोत्यांना बसवून यावर काम केलं, आणि त्यातून निघालेला हार्मन कर्व्ह आज पुष्कळ ठिकाणी मोजमापासाठी वापरतात.

अजून एक सोपी टेस्ट. या सगळ्या तबकड्या मोनो आहेत, डाव्या-उजव्या दोन्ही कानांना एकच सिग्नल. म्हणजे गायक बरोबर डोक्याच्या मधोमध उभा राहिला पाहिजे. तो एका बाजूला सरकला तर हेडफोन उलटा करून घाला. गायकही बाजू बदलून सरकला, तर हेडफोनचे दोन ड्रायव्हर एकमेकांशी जुळत नाहीत, तो घेऊ नका. गायक जुन्याच बाजूला राहिला, तर मात्र हेडफोन सोडा आणि कानाच्या डॉक्टरकडे जा. ही चेष्टा नाही. आपण नारायणाची गोष्ट आत्ताच वाचली.

पुन्हा त्यांच्याकडे येते. बोलपट आले आणि नाटक कंपन्यांना उतरती कळा लागली. बालगंधर्वांनी व्ही. शांताराम आणि प्रभात कंपनीशी करार केला. 1935 मध्ये धर्मात्मा आला, त्यात ते संत एकनाथ झाले. आधी त्याचं नाव महात्मा होतं, सेन्सॉरने ते बदलायला लावलं. करार सहा चित्रपटांचा होता पण पहिल्यावरच थांबला. समोर प्रेक्षक नाही, तुकड्या-तुकड्यात अभिनय, वन्समोअर नाही... ज्याला भरल्या थिएटरचा फीडबॅक लागायचा त्याला कॅमेऱ्याची काच काय देणार? 1937 मध्ये साध्वी मीराबाई चित्रपटात ते मीरा झाले, तेही फार चाललं नाही. ते पुन्हा नाटकाकडे वळले. पण वय झालं होतं, शरीर सुटलं होतं, आणि जमानाही बदलला होता. स्त्रियांच्या भूमिका स्त्रिया करू लागल्या होत्या.

याच काळात गोहरबाई कर्नाटकी त्यांच्या आयुष्यात आल्या. त्या स्वतः उत्तम गायिका, बालगंधर्वांच्या गायकीचा ध्यास घेतलेल्या. कंपनीत नायिकेच्या भूमिका त्या करू लागल्या. समाजाने या नात्याला पुष्कळ नावं ठेवली. पण पुढे बालगंधर्वांचे पाय गेले, उठणं-बसणं परस्वाधीन झालं, तेव्हा शेजारी उभ्या राहिल्या त्या गोहरबाईच. ज्याच्या चालण्यावर, वळून बघण्यावर थिएटरं फिदा व्हायची तो माणूस उचलून आणून बसवावा लागायचा. तरी भजन गायला बसले की सूर जागेवर असायचा. 1955 मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, 1964 मध्ये पद्मभूषण. त्याच वर्षी गोहरबाई गेल्या. 1962 मध्ये पुण्यात बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला खुद्द त्यांच्याच हस्ते बसली होती. मात्र उभं राहिलेलं रंगमंदिर त्यांना बघायला मिळालं नाही. 15 जुलै 1967 ला ते गेले आणि रंगमंदिर उघडलं 26 जून 1968 ला, त्यांच्या जन्मदिवशी. 2011 मध्ये आलेल्या बालगंधर्व चित्रपटामुळे आपल्या पिढीला चेहरा तरी कळला, पण तो चेहरा सुबोध भावेचा. खरे बालगंधर्व ऐकायचे तर तबकडीवरच.

शेवटी ज्याची सगळे वाट बघताय ते. घ्यायचा कोणता? फुल साइजमध्ये दोन जाती. ओपन बॅक म्हणजे मागून जाळी असलेला. आवाज मोकळा, खोलीत गायल्यासारखा. पण बाहेरचा पंखा, कूलर सगळं आत येतं आणि आतलं गाणं रूममेटला फुकट ऐकू जातं. सेनहायजरचा एचडी 600 हा या जातीतला 1997 पासूनचा नावाजलेला मॉडेल, मधल्या पट्ट्यासाठी प्रसिद्ध. पण तो 300 ओमचा आहे. मोबाइलच्या छोट्या व्होल्टेजवर त्याचं पोट भरत नाही, वेगळा अ‍ॅम्प लागतो. क्लोज्ड बॅक होस्टेलला बरा. सोनीचा एमडीआर 7506 हा 63 ओमचा, ऑडिओ टेक्निकाचा एटीएच एम 50 एक्स 38 ओमचा, दोन्ही मोबाइलवरही चालतात. बायरडायनॅमिकचा डीटी 770 प्रो 32, 80 आणि 250 ओममध्ये येतो, घेताना आकडा बघूनच घ्या. आणि आपल्या खानदेशात मे महिन्यात पारा 44-45 ला जातो हे विसरू नका. रेक्झिनच्या गाद्यांमध्ये कानाचं अक्षरशः भरीत होतं! मखमली गाद्या, शक्यतो बदलता येणाऱ्या, बघून घ्या.

जळगाव-धुळ्यात असे मॉडेल लावून बघायला सहजी मिळत नाहीत. पुण्या-मुंबईला जाणं झालं किंवा एखाद्या सीनियरकडे असला, तर फोनमध्ये दोन-तीन तबकड्यांची रेकॉर्डिंग ठेवून जा. एक माइकच्या आधीची, एक नंतरची. पाच मिनिटं नाही, अर्धा तास ऐका. अर्ध्या तासाने कान दुखत असेल, डोकं जड झालं असेल, तर ग्राफ कितीही सुंदर असू दे, तो हेडफोन आपला नाही.

आणि आवाज? 85 डेसिबलला रोज 8 तास ही मर्यादा धरतात. दर 3 डेसिबल वाढले की वेळ अर्धा होतो. 88 ला 4 तास, 91 ला 2, 94 ला 1, आणि 100 ला फक्त 15 मिनिटं. आतल्या कानातल्या केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. नारायणाच्या कानावर इलाज होता आणि तो करायला एक राजा पुढे आला. आपण स्वतःच्या हाताने घालवलेल्या कानावर इलाज नाही, आणि शाहू महाराजही आता नाहीत.

म्हणून माझं ऐकाल तर बेसचं गाणं बाजूला ठेवा, आवाज कमी करा, आणि त्या खरखरीच्या पलीकडे कान लावा. जळगावात गाणं शिकलेला एक मुलगा तिथे अजून सुरात उभा आहे.

– तृतीय वर्ष, ई अँड टीसी